हिवतापाच्या जंतूची चाल

जीवशास्त्राच्या तासाला तुमची तीन एकपेशीय जीवांशी ओळख झालेली असते: अमीबा, पॅरामेशियम आणि युग्लीना. अमीबा आपल्या अंगाचाच एखादा भाग पुढे काढतो आणि त्या खोट्या पायामागून, म्हणजे छद्मपादामागून, स्वतः वाहत जातो. पॅरामेशियमच्या अंगभर बारीक लव असते. ह्या पक्ष्माभिका हजारो वल्ह्यांसारख्या हलतात आणि तो पाण्यातून सुळकन निघून जातो. युग्लीनाला पुढच्या टोकाशी चाबकासारखी कशाभिका असते. परीक्षेत एकपेशीय जीवांच्या हालचालींविषयी प्रश्न आला, की आपण ही तीन नावे लिहितो आणि सुटलो म्हणतो.

पण ह्या तिघांत न बसणारा एक चौथा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो कापलेल्या नखासारखा दिसतो. बारीक, दोन्ही टोकांना निमुळता आणि किंचित बाक असलेला. त्याला छद्मपाद नाहीत, लव नाही, चाबूकही नाही. अळीसारखे अंग आखडून-पसरून तो सरकत असेल म्हणावे, तर तेही नाही. अंगाचा आकार न बदलता तो काचेवरून गुळगुळीत घसरत जातो. अंगाला बाक असल्यामुळे गोल गोल फिरतो आणि बहुतेक वेळा एकाच दिशेने. कोणी ढकलताना दिसत नाही, कोणी ओढताना दिसत नाही.

हा आहे हिवतापाच्या जंतूचा एक अवतार. त्याचे शास्त्रीय नाव स्पोरोझोइट. आपण त्याला सोयीसाठी ‘बीजाणू’ म्हणू. ॲनॉफिलिस जातीच्या मादी डासाच्या लाळेतून आपल्या अंगात शिरतो तो हाच.

दहा मायक्रॉनचा प्रवासी

डास चावला की जंतू थेट रक्तात जातात, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात डासाची मादी रक्तवाहिनीच्या शोधात कातडीत सोंड खुपसते, तेव्हा तिची लाळ आणि लाळेतले बीजाणू बहुतांशी कातडीतच पडतात. तिच्या लाळग्रंथीत हजारो बीजाणू असले, तरी एका चाव्यात साधारणपणे काही दहा, फार तर शंभराच्या आसपास आत जातात. त्यांना आता कातडीच्या दाट विणीतून वाट काढायची असते, बारीक रक्तवाहिनी शोधायची असते, तिची भिंत ओलांडून रक्तात उडी घ्यायची असते आणि रक्ताबरोबर यकृतात पोहोचल्यावर तिथल्या पेशीत शिरायचे असते. ह्यांतली रक्तातली सफर तेवढी फुकटची. बाकी सगळी वाट स्वतःच्या बळावर.

हा प्रवासी केवढा? लांबी दहा-बारा मायक्रॉन, जाडी जेमतेम एक मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपली तांबडी रक्तपेशी सुमारे सात मायक्रॉन रुंद असते, यावरून अंदाज येईल. त्याचा वेग सेकंदाला एक ते दोन मायक्रॉन. म्हणजे एक मिलिमीटर जायला त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. ‘हा तर गोगलगायीपेक्षाही मंद!’ असे तुम्ही म्हणाल. पण शर्यत कोणाशी आहे ते पाहा. त्याला पकडायला निघणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशी मिनिटाला दहा मायक्रॉनच्या आसपास सरकतात. बीजाणू त्यांच्या सुमारे दहापट वेगाने जातो. पांढरी पेशी जागी पोहोचेपर्यंत स्वारी पसार झालेली असते.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००६ साली चमकणारे प्रथिन घातलेले बीजाणू डासाकरवी उंदरांना टोचवले आणि जिवंत उंदराच्या कातडीत त्यांचा माग काढला. काही बीजाणू रक्तवाहिनीत शिरले, काही लसिकावाहिन्यांत गेले, तर बरेचसे कातडीतच राहिले. पण जंतूच्या दृष्टीने ही नासाडी परवडणारी आहे. यकृताच्या पेशीत एक बीजाणू जरी सुखरूप पोहोचला, तरी आठवडाभरात त्या एका पेशीतून हजारो नवे जंतू बाहेर पडतात. मग ते तांबड्या पेशींवर तुटून पडतात आणि ताप येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे २६ कोटी ३० लाख वेळा हिवतापाची लागण झाली आणि सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांत सर्वाधिक होती आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले. यकृतात शिरण्यापूर्वी कातडीत जी काही मिनिटे जातात, त्या मिनिटांत ह्या प्रवाशाचे पाय अडकवता आले तर? पण त्याला तर पायच नाहीत! म्हणून तो चालतो कसा, हे आधी कळायला हवे.

चाल पाहून लागलेला शोध

गंमत अशी, की हिवतापाचा जंतू सापडला तोच मुळी त्याच्या हालचालीमुळे. अल्जीरियातील कॉन्स्टंटिन गावी फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फोन्स लाव्हरां ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका तापकरी सैनिकाचे ताजे रक्त तपासत होता. रक्तातल्या एका गोल कणातून चाबकासारखे तंतू बाहेर पडले आणि जोरजोराने वळवळू लागले. तापकऱ्यांच्या रक्तात काळे कण त्यापूर्वीही लोकांनी पाहिले होते, पण काळा कण हा मेलेला कचराही असू शकतो. वळवळणारी वस्तू मात्र जिवंतच असली पाहिजे! लाव्हरांची खात्री पटली. १९०७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

ते तंतू म्हणजे हिवतापाच्या जंतूच्या नरपेशी होत्या. ह्या नरपेशी खरे तर माणसाच्या अंगात बाहेर पडतच नाहीत, डासाच्या पोटात पडतात. मग लाव्हरांला त्या काचेवर कशा दिसल्या? डासाने माणसाचे रक्त प्यायले, की ते उबदार अंगातून एकदम गार जागी येते. हा गारवा आणि डासाच्या अंगातले झँथुरेनिक आम्ल नावाचे रसायन, ह्यांवरून जंतू ओळखतो, की आपण डासात आलो. काचेवर घेतलेला रक्ताचा थेंब थंड झाला, त्याचा हवेशी संबंध आला आणि बिचारा जंतू फसला. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटांत एका नराच्या पेशीतून आठ शेपटीवाल्या नरपेशी तयार होऊन सुटतात. आठ संपूर्ण शेपट्या इतक्या थोड्या वेळात विणून काढणारा दुसरा कारागीर सहजी सापडायचा नाही.

पुढे १८९७ साली मॅककॅलम ह्या तरुणाने कावळ्याच्या रक्तातील हिवतापासारख्या जंतूंत नरपेशी मादीपेशीत शिरताना पाहिली. त्या मीलनातून एक किडक्यासारखा जीव तयार झाला आणि संथपणे घसरत निघाला, हेही त्याला दिसले. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत जंतूंच्या गाठी सापडल्या. १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना त्या गाठींतून सुटलेले बारीक दांडके डासाच्या लाळग्रंथीत जमतात, हे त्यांनी पाहिले. ते दांडके म्हणजेच आपले बीजाणू.

म्हणजे पाहा, एकाच जंतूच्या आयुष्यात एक अवतार शेपटीने पोहतो आणि दुसरे शेपटीवाचून घसरतात. पोहणे समजायला फारसे अवघड गेले नाही. घसरणे मात्र दीर्घकाळ कोडेच राहिले. न्यूयॉर्कचे जेरोम व्हँडरबर्ग यांनी १९७४ साली बीजाणूंच्या चालीचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला आणि मग ह्या कोड्याकडे लोकांचे नीट लक्ष गेले.

पेशीचा सांगाडा

पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, अशी तुमची समजूत असेल तर ती सोडून द्या. पेशीच्या आत प्रथिनांच्या दोऱ्या आणि नळ्या यांचा एक सांगाडा असतो. आपल्या हाडांच्या सांगाड्याशी त्याची तुलना पुरती जमत नाही, कारण हा सांगाडा गरजेप्रमाणे मोडतो आणि पुन्हा बांधला जातो. मांडवाच्या बांबूंशी त्याचे नाते अधिक जवळचे.

त्यातल्या नळ्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. त्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या असतात. नरपेशीच्या शेपटीत ह्या नळ्यांची ठरावीक मांडणी असते; कडेने नऊ जोड्या आणि मध्ये दोन सुट्या. युग्लीनाच्या चाबकात, पॅरामेशियमच्या लवेत, इतकेच काय, आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरावर हलणाऱ्या लवेतही हीच मांडणी सापडते. बीजाणूतही सूक्ष्मनलिका आहेत. पुढच्या टोकाशी असलेल्या एका कड्यापासून दहा-पंधरा नळ्या छत्रीच्या काड्यांसारख्या मागे जातात आणि त्याला त्याचा ताठ, बाकदार आकार देतात. पण त्या वल्ह्यासारख्या हलत नाहीत. गती त्यांच्यापासून मिळत नाही.

गती मिळते दुसऱ्या दोन प्रथिनांपासून, आणि ती तुमच्या चांगल्या ओळखीची असायला हवीत. हे पान उलटताना तुमच्या दंडात आणि बोटांत जे आखडते ते ह्या दोघांच्याच जोरावर. पहिले मायोसिन. जर्मन शास्त्रज्ञ क्यूने याने १८६४ साली ते बेडकाच्या स्नायूतून काढले. दुसरे ॲक्टिन. हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत श्ट्राउब यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ते वेगळे केले आणि १९४२ साली जाहीर केले. ॲक्टिनचे गोल रेणू मण्यांसारखे एकापुढे एक जुळतात आणि त्यांची पीळदार दोरी बनते. मायोसिनला डोके असते. एटीपी ह्या रेणूतली ऊर्जा खर्चून ते डोके दोरी पकडते, हिसका देते, सोडते आणि पुन्हा पकडते. स्नायू आखडतो तो दोऱ्या आखूड झाल्यामुळे नव्हे, तर दोऱ्या एकमेकींवरून सरकल्यामुळे, हे १९५४ साली दोन वेगवेगळ्या जोड्यांनी दाखवून दिले. त्या दोन्ही जोड्यांत हक्सले आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता आणि ते एकमेकांचे नातलग नव्हते. विद्यार्थ्यांचा येथे नेहमी घोटाळा होतो, म्हणून सांगून ठेवले.

ॲक्टिन आणि मायोसिन फक्त स्नायूंतच असतात असे नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर त्यांचे काम तुम्ही स्वतः पाहू शकाल. मत्स्यपेटीत लावतात ती हायड्रिला ही पाणवनस्पती मिळवा. तिचे कोवळे पान पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा, वर पातळ काच ठेवा आणि दिव्याच्या उजेडात थोडा वेळ राहू द्या. मग मधल्या शिरेजवळच्या पेशी पाहा. हिरवी हरितलवके पेशीच्या कडेने एकामागून एक वाहताना दिसतील, जणू रिंगणात धावणारी मुले. पेशीच्या कडेला ॲक्टिनच्या दोऱ्या असतात आणि त्यांवरून चालणारे मायोसिन ही वाहतूक घडवते. शिक्षकांना विनंती, की ह्या प्रयोगाला एक तास मोकळा ठेवावा. पाच मिनिटांत उरकण्याचे हे काम नव्हे.

नावाडी आणि बांबू

आता बीजाणूकडे वळू. त्याच्या अंगावर एकावर एक अशी दोन वेष्टने असतात. बाहेरचा पातळ पडदा प्रत्येक पेशीला असतो तसाच. त्याच्या खाली चपट्या पिशव्या एकमेकींना जोडून झालेले दुसरे अस्तर. ह्या दोहोंमध्ये मायक्रॉनच्या काही शतांश भागाएवढी फट असते. सगळे यंत्र ह्या फटीत बसवलेले आहे. एवढ्याशा जागेत ते लपलेले असल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही.

खाडीच्या उथळ पाण्यात नाव कशी नेतात ते आठवा. नावाडी पुढच्या टोकाशी लांब बांबू चिखलात रोवतो आणि बांबू मागे रेटतो. बांबू चिखलात घट्ट असल्यामुळे तो जागचा हलत नाही, नावच पुढे जाते. नावेत बसलेल्याला मात्र बांबू पुढून मागे गेल्यासारखा वाटतो. आता असे समजा, की नावेच्या कडेला एकच नावाडी नसून पुढून मागेपर्यंत नावाड्यांची रांग उभी आहे. प्रत्येकाचे पाय फळीला बांधलेले. पहिला बांबू मागे रेटून दुसऱ्याच्या हाती देतो, दुसरा तिसऱ्याच्या. नाव सतत पुढे सरकत राहते. बांबू मागच्या टोकाशी आला की चिखलातून सोडवायचा.

बीजाणूच्या फटीत हे नावाडी म्हणजे मायोसिनचे रेणू. आतल्या अस्तराला ते काही मदतनीस प्रथिनांनी पक्के बांधलेले असतात. ते ज्याला रेटतात ती ॲक्टिनची दोरी. पण दोरी पेशीच्या आत आहे आणि जमीन पेशीच्या बाहेर! दोहोंना जोडायला पडद्याच्या आरपार जाणारा दुवा हवा. तो दुवा म्हणजे ट्रॅप नावाचे चिकट प्रथिन. त्याचे डोके बाहेर जमिनीला चिकटते आणि शेपूट आत ॲक्टिनशी मध्यस्थामार्फत जोडलेली असते. मायोसिन ॲक्टिनला मागे रेटते, ॲक्टिनबरोबर ट्रॅप मागे जाते, पण ट्रॅपचे डोके जमिनीला धरून बसलेले असल्यामुळे बीजाणूच पुढे जातो. मागच्या टोकाशी एक विकर कात्रीसारखे काम करते आणि ट्रॅपला छाटून मोकळे करते. बीजाणू गेलेल्या वाटेवर त्याच्या अंगावरची प्रथिने मागे पडलेली आढळतात, गोगलगायीच्या चिकट रेघेसारखी.

टोक्सोप्लाझ्मा हा हिवतापाच्या जंतूचा एक नातलग. तोही असाच घसरतो. त्याच्या मायोसिनचे एक पाऊल मोजले गेले आहे. ते भरले सुमारे पाच नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा दोनशेवा भाग. अशा पावलांनी सेकंदाला मायक्रॉनभर अंतर कापायचे!

हे कळले कसे?

ही सगळी रचना डोळ्यांनी पाहता येत नाही, मग एवढ्या खात्रीने कसे सांगता, असे तुम्ही विचारायला हवे. पहिला धागा मिळाला बुरशीकडून. काही बुरशींत सायटोकॅलेसिन नावाचे विष असते. ते ॲक्टिनची दोरी वाढू देत नाही. १९७९ साली असे दिसले, की हे विष दिलेला हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीला जाऊन चिकटतो खरा, पण आत शिरू शकत नाही. दाराशी पोहोचलेला पाहुणा उंबऱ्यावरच अडकला!

पण ह्यात एक अडचण होती. विष तर पाण्यात मिसळले होते. ते जंतूच्या ॲक्टिनवरही काम करणार आणि ज्या पेशीत तो शिरतो तिच्या ॲक्टिनवरही. मग दार कोणी उघडले म्हणायचे? जंतू स्वतः घुसतो, की पेशीच त्याला आत ओढून घेते? पुष्कळ जीवाणूंच्या बाबतीत पेशीच ओढून घेते, हे ठाऊक होते.

ह्या प्रश्नाचे उत्तर देणारा प्रयोग मला ह्या सगळ्या कहाणीत सर्वांत आवडतो. अमेरिकेतील सेंट लुई येथे डोब्रोव्होल्स्की आणि सिब्ली यांनी तो टोक्सोप्लाझ्मावर केला आणि १९९६ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विषाला दाद न देणाऱ्या पेशी घेतल्या आणि त्यांवर साधे जंतू सोडले. पाण्यात विष होतेच. पेशीचे ॲक्टिन शाबूत, जंतूचे निकामी. जंतू आत शिरू शकले नाहीत. मग उलट केले. विषाला दाद न देणारे जंतू निवडले आणि साध्या पेशींवर सोडले. आता पेशीचे ॲक्टिन निकामी, जंतूचे शाबूत. जंतू सरळ आत गेले! पेशीचे ॲक्टिन असो वा नसो, शिरण्याचे बळ जंतूच्या स्वतःच्या ॲक्टिनचे आहे, हे सिद्ध झाले. कोणतेही महागडे यंत्र ह्या युक्तिवादाच्या मुळाशी नाही. दोन शक्यता होत्या, त्या एकेक करून बंद केल्या, बस्स.

पुढच्याच वर्षी, १९९७ साली, न्यूयॉर्कमध्ये उंदराच्या हिवतापाच्या जंतूमधून ट्रॅपचे जनुकच काढून टाकण्यात आले. असे जंतू डासाच्या जठरावर व्यवस्थित वाढले, त्यांचे बीजाणूही झाले. पण ते घसरेनात. डासाच्या लाळग्रंथीत शिरेनात, उंदराच्या यकृतातही शिरेनात. १९९९ साली तर ट्रॅपची आतली शेपूट कापून तिच्या जागी टोक्सोप्लाझ्माच्या तशाच प्रथिनाची शेपूट जोडली गेली. बीजाणू पुन्हा घसरू लागले! एका गाडीचा सुटा भाग दुसऱ्या गाडीला बसावा, तसे झाले. दोन्ही जंतूंचे पूर्वज फार प्राचीन काळी वेगळे झाले, तरी यंत्र तेच राहिले आहे.

सगळे काही इतके सरळ आहे असे मात्र समजू नका. टोक्सोप्लाझ्मातील मुख्य मायोसिनचे जनुक काढून टाकले, तरी काही जंतू कमी प्रमाणात का होईना पेशीत शिरतात, असे २०१३ साली दिसले. त्यामुळे नावाडी एवढेच आहेत की आणखी कोणी पर्यायी हात लावतो, ह्यावर शास्त्रज्ञांत बरीच वादावादी झाली.

सारखे, पण अगदी सारखे नाही

आता तुम्ही म्हणाल, जंतूची दोरी आणि आपली दोरी एकच, मग तिच्यावर घाव घालणारे औषध आपल्यालाही मारणार. ही शंका रास्त आहे. सायटोकॅलेसिन औषध म्हणून देता येत नाही ते ह्याच कारणाने. पण जवळून पाहिले, तर दोन्ही दोऱ्या हुबेहूब नाहीत. ॲक्टिन हे प्रथिन सजीवसृष्टीत फारच थोडे बदललेले आहे. पाव फुगवणाऱ्या यीस्टचे ॲक्टिन आणि आपले ॲक्टिन यांत फरक अगदी थोडा. हिवतापाच्या जंतूचे ॲक्टिन मात्र त्याहून बरेच निराळे आहे. आपल्या स्नायूत ॲक्टिनची दोरी सुमारे एक मायक्रॉन लांब असते. जंतूची सुमारे त्याच्या दशांश, आणि तीही टिकत नाही. जुळते, मोडते, पुन्हा जुळते. समुद्रातल्या एका स्पंजापासून मिळणारे रसायन ही मोडतोड थांबवते आणि दोरी टिकाऊ करते. टोक्सोप्लाझ्माला ते दिले तेव्हा त्याचा वेग वाढला. पण दिशेवरचा ताबा गेला. म्हणजे दोरी कच्ची असणे हा दोष नाही, चालीसाठी ते जरूरीचे आहे.

एवढ्या फरकाचा औषधासाठी उपयोग होतो का? सांगाड्यातल्या दुसऱ्या प्रथिनाचे उदाहरण तुम्ही स्वतः गिळलेले आहे! शाळेत जंताची गोळी देतात, अल्बेंडाझोलची. ती जंतांच्या ट्युब्युलिनला पकडते आणि त्यांच्या सूक्ष्मनलिका बनू देत नाही. आपल्यातही ट्युब्युलिन आहे, पण ते थोडे निराळे असल्यामुळे गोळी त्याला फारशी चिकटत नाही. जंत मरतात आणि तुम्ही वर्गात परत जाता. हिवतापाच्या ॲक्टिन-मायोसिनसाठी अशी गोळी शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत.

बीजाणूची चाल रोखणारा दुसरा उपाय मात्र प्रत्यक्ष वापरात आला आहे. १९६७ साली रूथ नुसेनझ्वाइग, व्हँडरबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले बीजाणू उंदरांना टोचले आणि त्या उंदरांना पुढे खऱ्या बीजाणूंपासून संरक्षण मिळाले. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली होती. ती बीजाणूच्या अंगावर शालीसारख्या असलेल्या एका प्रथिनाला चिकटत. १९८६ साली व्हँडरबर्ग यांच्या प्रयोगशाळेतून आणखी एक गोष्ट पुढे आली. अशी प्रतिपिंडे घातली, की बीजाणू थांबतात, आणि थांबलेला बीजाणू पेशीत शिरत नाही. नावेच्या बाजूंना चिखल, शेवाळ आणि दोर गुंडाळले गेले, तर आत नावाडी कितीही धडधाकट असले तरी नाव कशी चालणार?

ह्याच प्रथिनावर आधारलेली पहिली लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये मुलांसाठी शिफारस केली, आणि आर-ट्वेंटीवन ही दुसरी लस ऑक्टोबर २०२३ मध्ये. दुसरी लस ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झाली आणि तिचे उत्पादन आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये होते. दोन्ही लसी टोचल्यानंतरच्या पहिल्या वर्षात हिवतापाच्या लागणीचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटवतात. संरक्षण पुरते नाही आणि ते हळूहळू कमीही होते, म्हणून मुलांना चार मात्रा द्याव्या लागतात. कातडीत अडवायला प्रतिपिंडांना फार थोडा वेळ मिळतो. एखादा बीजाणू निसटून यकृताच्या पेशीत शिरला, की ह्या प्रतिपिंडांच्या हाती काही उरत नाही.

यकृतातून बाहेर पडून तांबड्या पेशींत शिरणारे जे जंतू, त्यांना मेरोझोइट म्हणतात. ते जेमतेम एक-दोन मायक्रॉनचे आणि गोलसर. ते तांबड्या पेशीत शिरतानाचे चित्रण १९७५ साली झाले होते. तांबडी पेशी दचकल्यासारखी आक्रसते, जंतू तिच्यावर आपले टोक टेकवतो आणि मिनिटभराच्या आत नाहीसा होतो. हे जंतू पेशीवर आदळेपर्यंत नुसते रक्ताबरोबर वाहतात, स्वतः चालत नाहीत, अशी तेव्हापासून सर्वांची समजूत होती. २०२१ साली जपानमधील नागासाकीच्या शास्त्रज्ञांनी त्यांना योग्य पृष्ठावर ठेवून पाहिले, तर तेही घसरत होते, सेकंदाला सुमारे अर्धा ते एक मायक्रॉन. त्यांच्याही अंगी तेच नावाडी होते. इतकी वर्षे त्यांना चिकटायला जमीनच दिली गेली नव्हती.